ध्यानाला बसताना नेमकं कुठे चुकतं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ध्यान सोडून दिलेल्या माणसाला कारण विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘मन लागत नाही.’ पण कधी बसता, कशावर बसता, बसल्यावर पहिल्या मिनिटात काय करता, असं खोदून विचारलं की भलतंच बाहेर येतं. जेवण झाल्या झाल्या बसलेले असतात. उघड्या फरशीवर मांडी घातलेली असते आणि गुडघे कमरेच्या वर आलेले असतात. श्वास बघायचा सोडून ओढत असतात. एवढं सगळं झाल्यावर खापर फुटतं ते मनावर.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी शरीर, मग श्वास, मग मन. तयारी याच क्रमाने करायची आणि बैठकीत काही बिनसलं तर दुरुस्तीही याच क्रमाने. मनाशी झगडायला जाण्याआधी कंबर बघायची, मग श्वास बघायचा. पुष्कळशा अडचणी तिथेच सुटतात.

इथे मी आनापान धरून चाललो आहे, म्हणजे आपोआप येणारा-जाणारा श्वास जाणत राहणं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यान-केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस हेच करून घेतात. तुम्ही नामजप करत असाल तर आसन, वेळ, झोप याबद्दलचं सगळं तुम्हालाही लागू आहे. श्वासाच्या जागी नाम धरा.

## टप्पा १: एक पद्धत, एक वेळ, एक जागा

पहिली चूक बसण्याच्या आधीच होते. सोमवारी श्वास, मंगळवारी मंत्र, बुधवारी मोबाइलवरचं कुणाचं तरी संगीतमय ध्यान, गुरुवारी ज्योतीवर त्राटक. प्रत्येक पद्धतीत सुरुवातीचा कंटाळवाणा काळ असतोच, आणि पद्धत बदलत राहिलं की माणूस कायम त्याच काळात अडकून राहतो. निदान दोन महिने एकच पद्धत धरा.

वेळ ठरवताना घराचा दिनक्रम बघा, आदर्श दिनक्रम नको. पहाटेची वेळ चांगली हे खरं. पण रात्री साडेबाराला झोपून पहाटे पाचला उठायचं ठरवलंत, तर ध्यानाच्या नावाखाली बसल्या बसल्या झोपच होईल. सकाळी तोंड धुतल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी, ही बहुतेकांना जमणारी वेळ. संध्याकाळी बसायचं तर जेवणाआधी. पोटभर जेवणानंतर दोन-अडीच तास तरी जाऊ द्या. कडकडून भूक लागलेली असतानाही नको, कारण मग लक्ष श्वासावर राहत नाही, स्वयंपाकघरात जातं.

जागेसाठी वेगळी खोली लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात पलंगाशेजारची तीन फूट जागा पुरते. शांतता मिळेल का, हा प्रश्न मुंबई-पुण्यात बहुतेकांना पडतो. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, गाड्यांचे हॉर्न हे चालूच राहणार. त्यांचा त्रास वाटतो त्याहून कमी होतो, कारण त्या आवाजांत तुमच्यासाठी निरोप नसतो. जवळच्या माणसाचं बोलणं आणि चालू टीव्ही मात्र लक्ष खेचून नेतो, कारण शब्दांचा अर्थ लावल्यावाचून आपल्याला राहवत नाही. म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा: ‘पंधरा मिनिटं मला हाक मारू नका.’ दार बंद करून चिडून बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

तपासा: पंखा थेट अंगावर येतोय का? डास आहेत का? कमरेचा पट्टा, नाडी, घड्याळ सैल केलंत का? लघवीला जाऊन आलात का? या बारीकसारीक गोष्टींनीच बैठक मोडते.

## टप्पा २: आसन

इथे घाई करू नका.

पद्मासन यायलाच हवं हा हट्ट सोडा. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केली आहे: स्थिर असावं आणि सुखाचं असावं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नको, फार सखल नको, असंच सांगितलं आहे. पाय कसे दुमडावेत याची सक्ती दोन्हीकडे नाही.

नियम एकच: कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. उघड्या फरशीवर मांडी घातली की खुर्चीची सवय असलेल्या माणसाचे गुडघे वर राहतात, कंबर मागे कलंडते आणि पाठीला बाक येतो. मग ताठ बसण्यासाठी पाठीचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात आणि पाच-सात मिनिटांत पाठ भरून येते. उपाय असा:

1. खाली सतरंजी किंवा घोंगडी अंथरा. घोटे टेकतात तिथे मऊ हवं.
2. तिच्यावर टणक उशी किंवा चार घड्या घातलेली चादर ठेवा, साधारण चार ते सहा इंच उंच. कापसाची जुनी, दबलेली गादी-उशी उत्तम. फोमची मऊ उशी बसल्यावर चपटी होते, तिचा उपयोग नाही. नुसत्या लाकडी पाटावर बसत असाल तर त्यावरही घडी घाला.
3. उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पूर्ण उशीवर नको. कंबर आपोआप किंचित पुढे झुकते आणि पाठ सरळ होते.
4. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलच्या गुंडाळ्या द्या.
5. हात मांडीवर, तळवे कसेही. खांदे एकदा कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या. हनुवटी जराशी आत.
6. जीभ टाळूला हलकी टेकवा, दातावर दात नको.

मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. गुडघेदुखी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी खुर्चीवर बसण्यात कमीपणा मानू नये. फक्त पाठ शक्यतो न टेकवता पुढच्या भागावर बसा आणि दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकू द्या. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. सोफ्यावर किंवा पलंगावर उशांना टेकून बसू नका. तिथे शरीराला झोपेचीच खूण मिळते.

आता पायाला मुंग्या येण्याबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पाय दुमडून बसल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते किंवा मांडीखालच्या नसेवर भार येतो, म्हणून पाय बधिर होतो. उशी उंच केली आणि मांडी थोडी सैल ठेवली की बरंच कमी होतं. तरी मुंग्या आल्याच तर पाय हळूच बदला. हललं म्हणजे ध्यान मोडलं असं काही नाही. हलण्याआधी ‘हलावंसं वाटतंय’ हे एकदा जाणा, मग सावकाश हला, आणि हलतानाही लक्ष ठेवा. अंगाला खाज सुटली तरी हेच.

सावधान: बधिर पायावर झटकन उठू नका. पाऊल वर उचललं जात नाही आणि घोटा मुरगळतो. पाय पसरा, बोटं हलवा, मिनिटभर थांबा, मग उठा. गुडघ्यात टोचल्यासारखी, जाळल्यासारखी कळ आली तर ती सहन करायची नसते. त्याच क्षणी पाय सोडवा. उठल्यावर बराच वेळ बधिरपणा गेला नाही, तर पुढच्या वेळेपासून खुर्ची, आणि तरीही राहिला तर डॉक्टर.

तपासा: बसल्यावर डोळे मिटून कपाळाकडे लक्ष न्या. बऱ्याच जणांच्या भुवया आवळलेल्या असतात आणि मिटल्या डोळ्यांनी नजर नाकाच्या शेंड्याकडे वळलेली असते. बैठकीनंतर डोकं दुखण्याचं हे नेहमीचं कारण. श्वास डोळ्यांनी बघायचा नाही, स्पर्शाने जाणायचा. डोळे सैल सोडा.

## टप्पा ३: गजर लावा आणि डोक्यातली कामं कागदावर उतरवा

दोन मिनिटांची तयारी, पण ती गाळली की पुढे फार त्रास होतो.

फोनवर दहा मिनिटांचा मंद आवाजाचा गजर लावा, फोन विमान मोडवर टाका आणि हात पोहोचणार नाही इतका दूर, पालथा ठेवा. गजर नसला की ‘किती झाली असतील?’ हा प्रश्न दर मिनिटाला येतो. कर्कश रिंगटोन लावू नका, शेवटी दचकायला होतं आणि दुसऱ्या दिवशी शेवटची दोन मिनिटं त्या दचकण्याची वाट बघण्यात जातात.

मग एका कागदावर डोक्यात घोळणारी कामं लिहा: गॅस नोंदवायचा, मुलाची फी, साहेबांना मेल. बैठकीत हीच कामं डोकं वर काढतात आणि ‘विसरेन’ ही भीती त्यांना धरून ठेवते. कागदावर उतरली की ती पकड ढिली पडते. कागद शेजारी असू दे, पेन मात्र दूर ठेवा. ध्यानात सुचलेली उत्तम कल्पना लिहायला मध्येच उठायचं नाही. खरोखर उत्तम असेल तर दहा मिनिटांनीही आठवेल.

## टप्पा ४: श्वास धरायचा कसा

डोळे मिटा. आधी अर्धा मिनिट शरीर जिथे जिथे टेकलंय तिथला दाब जाणा. मग लक्ष नाकपुड्यांच्या टोकाशी, वरच्या ओठाच्या वरच्या भागात आणा. आत येणारी हवा किंचित गार लागते, बाहेर जाणारी किंचित कोमट. तेवढंच जाणायचं. श्वासाच्या मागे पोटात किंवा छातीत जायचं नाही.

नव्या माणसाची इथली मुख्य चूक म्हणजे बघायला लागताच श्वास ताब्यात घेणं. लक्ष गेलं की श्वास लांब होतो, जोरात होतो, किंवा अडकतो. काही जण मुद्दाम खोल श्वास घेत राहतात, कारण प्राणायामाच्या वर्गात तसं शिकलेले असतात. पाच मिनिटं जोरजोरात श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. मग कुणाला वाटतं काहीतरी दैवी घडलं, कुणी घाबरून ध्यान सोडतं. दोन्हींचं कारण एकच, आणि ते फुफ्फुसांत आहे. प्राणायाम करायचाच असेल तर ध्यानाआधी करा, मग दोन मिनिटं शांत बसा आणि मगच आनापान सुरू करा.

श्वास ताब्यातून सुटत नसेल तर लक्ष फक्त उच्छ्वासावर ठेवा. उच्छ्वास संपला की काही करू नका, थांबा. पुढचा श्वास आपोआप येईल. दोन-चार वेळा असा आपोआप आलेला श्वास अनुभवला की ओढण्याची सवय मोडायला लागते.

श्वास जाणवतच नाही अशीही तक्रार असते. सर्दी असेल तर त्या दिवसापुरतं लक्ष पोटाच्या वरखाली होण्यावर ठेवा. सर्दी नसतानाही एकच नाकपुडी चालू वाटते, ते स्वाभाविक आहे. नाकपुड्या काही तासांनी आलटून पालटून मोकळ्या होत असतात. दोन्हीकडे सारखा श्वास शोधू नका, जिथे लागतोय तिथे जाणा.

फारच विस्कळीत वाटलं तर मोजणीचा आधार घ्या. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा. बौद्ध परंपरेतला जुना नियम असा की मोजणी पाचाच्या आत संपवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. मी सांगतो दहापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून. सतराव्या, अठराव्या आकड्यावर पोहोचलात तर समजा की तोंडाने आकडे चालू होते आणि मन बाहेर होतं. लक्ष स्थिरावलं की मोजणी सोडून द्या.

## टप्पा ५: मन भटकलं की

मन भटकणारच. भटकू नये म्हणून बसायचं असतं, ही समजूत सगळ्यात जास्त माणसांना ध्यानापासून तोडते. ‘विचार थांबवायचे’ हे ध्येय ठेवलं की प्रत्येक विचार अपयश ठरतो, आणि दहा मिनिटांत पन्नास अपयशं कोण पचवणार?

एक फेरी जवळून बघा. तुम्ही श्वास जाणताय. बाहेर भाजीवाल्याची हाक येते. मेथी आणायची होती, हे आठवतं. मेथीवरून वहिनी, वहिनीवरून दिवाळीत ती जे बोलली ते, मग तिला काय उत्तर द्यायला हवं होतं. उत्तराचं तिसरं वाक्य मनात रचत असताना अचानक लक्षात येतं: अरे, श्वास कुठे गेला?

हा लक्षात येण्याचा क्षण म्हणजे अभ्यासाचं फळ. तो तुम्ही ओढून आणलेला नाही, तो आपोआप आला. पण नेमकं इथेच बहुतेक जण स्वतःवर चिडतात, आणि मग वहिनीऐवजी स्वतःशी भांडण सुरू होतं. त्याऐवजी एवढंच करा:

1. मनात एक शब्द म्हणा: ‘विचार’. कुणाचा, कशाचा, चांगला की वाईट, हे काही नको.
2. विचारांची साखळी कुठून सुरू झाली हे उलट शोधत बसू नका. मेथीपर्यंत मागे जाणं हीसुद्धा भटकंतीच आहे.
3. खांदे, जबडा, भुवया सैल करा. विचारासोबत यांतलं काहीतरी आवळलेलं असतंच.
4. पुढचा उच्छ्वास जाणा. मागचे हुकले ते हुकले.

दहा मिनिटांत हे वीस वेळा झालं तर वीस वेळा परत यायचं, तेवढाच जिव्हाळा राखून. मन चंचल आहे, वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, अशी अर्जुनाने तक्रार केली तेव्हा कृष्णाने ती नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोनच उपाय सांगितले. परत येणं हा अभ्यास, आणि विचार अर्धवट सोडून देणं हे आपल्या आवाक्यातलं वैराग्य.

तपासा: बैठक संपल्यावर दमल्यासारखं, डोकं जड झाल्यासारखं वाटलं तर तुम्ही विचारांना ढकलत होतात. उद्या जोर निम्मा करा.

## टप्पा ६: झोप, चुळबुळ आणि भलते अनुभव

झोप. आधी ओळख पटवा, कारण तंद्री आणि शांतता नव्या माणसाला सारखीच वाटते. स्वतःला विचारा: आत्ताचा श्वास आत येतोय की बाहेर जातोय? लगेच उत्तर आलं तर शांतता आहे. उत्तराला वेळ लागला, मान लवली, मनात असंबद्ध चित्रं फिरू लागली, तर तंद्री. पेंगणाऱ्या मोग्गल्लान या आपल्या शिष्याला बुद्धांनी यावर एकामागून एक उपाय सांगितले होते, ते आजही तसेच्या तसे चालतात: कानाच्या पाळ्या ओढा, हातपाय चोळा, नाही जमलं तर उठून डोळ्यांवर पाणी मारा, आकाशाकडे बघा, मनात प्रकाश आणा, येरझाऱ्या घाला, आणि एवढं करूनही झोप येत असेल तर उजव्या कुशीवर सरळ झोपा. शेवटचा उपाय विसरू नका. रोजच पेंग येत असेल तर रात्रीची झोप अपुरी आहे, आणि ती भरून काढायचं काम ध्यानाचं नाही.

चुळबुळ. उठून जावंसं वाटतं तेव्हा ‘अजून दहा श्वास, मग ठरवू’ असं म्हणा. बहुतेक वेळा लाट ओसरते. ओसरली नाही तर डोळे अर्धवट उघडून समोरच्या जमिनीवर ठेवा आणि गजर होईपर्यंत नुसते बसा. ती बैठकही धरायची.

अनुभव. मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसणं, शरीर मोठं किंवा हलकं वाटणं, अंग झुलणं, तोंडात लाळ साठणं हे पुष्कळांना होतं. लाळ गिळा. बाकीचं येऊ द्या, जाऊ द्या. त्यावरून प्रगती मोजू नका आणि इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधत बसू नका; तिथे प्रत्येक मुंगीला कुंडलिनी म्हणणारं कुणीतरी भेटतंच. काल आलेला सुंदर अनुभव आज पुन्हा आणायचा प्रयत्न केलात की आजची बैठक हमखास फसते.

सावधान: रडू येणं वेगळं आणि घाबरून जाणं वेगळं. डोळ्यांतून पाणी आलं तर वाहू द्या. पण छाती धडधडून जीव घाबरा होणं, जुना आघात डोळ्यांपुढे उभा राहणं, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असं वाटत राहणं, यांपैकी काही झालं तर लगेच डोळे उघडा, उठा, गार पाणी प्या, कुणाशी तरी बोला. नेट लावून बसू नका. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र चिंताविकारासाठी उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, आणि ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बोलायला कुणी नसेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

## टप्पा ७: वेळ कधी वाढवायची

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं. एक मिनिटही जास्त नको, बरं वाटत असलं तरी. तिसऱ्या आठवड्यापासून पंधरा, महिन्यानंतर वीस. पहिल्या रविवारी उत्साहात तासभर बसलेली माणसं बुधवारपर्यंत सोडून देतात, हे मी फार पाहिलं आहे.

गजर झाल्यावर ताडकन उठून फोन हातात घेऊ नका. दोन-तीन श्वास तसेच थांबा, डोळे सावकाश उघडा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी एक टिंब करा, बस. ‘छान झालं’, ‘वाईट झालं’ असे शेरे लिहू नका. शेरे आले की माणूस चांगल्या शेऱ्यासाठी बसायला लागतो. एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करायची नाही, नेहमीची दहा मिनिटंच बसायचं. दोन दिवस सलग हुकले तर वेळ किंवा जागा चुकली आहे असं समजून टप्पा १ पुन्हा वाचा.

फरक पडतोय का, हे बैठकीत शोधू नका. दिवसभरात बघा: रिक्षावाल्याशी वाद घालताना आवाज चढतोय हे मध्येच लक्षात आलं का? पूर्वी ते घरी आल्यावर लक्षात यायचं.

दोन-तीन महिने रोजची बैठक टिकली की इगतपुरी किंवा इतर केंद्रांवरच्या दहा दिवसांच्या शिबिराचा विचार करा. त्याआधी गेलात तर पहाटे चारची घंटा, दिवसभराचं बसणं आणि मौन एकदम अंगावर येतं. शिबिराला शुल्क नसतं, पण अर्जात प्रकृतीची माहिती विचारतात. गुडघे, पाठ, चालू औषधं आणि मनाच्या आजाराचा इतिहास, काहीही न लपवता भरा. खुर्ची लागत असेल तर तेही तिथेच लिहा.